मिरचीला दरवर्षी बोकड्या येतोय? औषध बदलायच्या आधी पान उलटं करून बघा

कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वर, हुक्केरी, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात श्रावण लागला की मिरचीवाल्यांची एकच तक्रार ऐकू येते. तरू (मिरचीची रोपं) छान लागलं होतं, महिनाभर रान हिरवंगार होतं, आणि आता शेंडे आवळून आलेत. दुकानदारानं दिलेली दोन-तीन औषधं मारून झाली, तरी फरक नाही. गेल्या वर्षी असंच झालं, त्याच्या आदल्या वर्षीही असंच.

हे सगळं आपण 'बोकड्या' किंवा 'चुरडा-मुरडा' या एका नावाखाली घालतो. त्यात निदान चार वेगळी दुखणी असतात आणि चौघांचा इलाज वेगळा असतो. त्यातलं सगळ्यात वाईट दुखणं म्हणजे विषाणूचा पर्णगुच्छ. तो पांढऱ्या माशीमार्फत येतो आणि एकदा झाडात शिरला की जगातलं कुठलंही औषध त्याला बाहेर काढू शकत नाही. श्रावणात आपण पंप पाठीवर घेतो तेव्हा ती लढाई बहुतेक संपलेली असते. ती लढायची वेळ फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतची. का, ते पुढे सांगतो. आधी ओळख पटवू.

पान उलटं करा

सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत रानात जा. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि वहीचा एक कोरा कागद असू द्या. भिंग स्वस्त मिळतं आणि औषधाच्या एका चुकीच्या बाटलीच्या पैशात अनेक वर्षं पुरतं. बांधाच्या कडेची दोन झाडं बघून परत फिरू नका; चारही कोपरे आणि मधला भाग बघा.

पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल, पानाखाली चंदेरी-तपकिरी खरवडल्यासारखे डाग असतील, तर संशय फूलकिड्यांवर घ्या. शेंड्याखाली कागद धरून टिचकी मारा. कागदावर पडलेले बारीक, लांबट, पिवळट तुकडे क्षणभर थांबतात आणि मग चालायला लागतात. जेमतेम एक मिलिमीटरचा हा किडा. पावसाची उघडीप पडली, आठ-दहा दिवस कोरडा वारा सुटला की याची संख्या झपाट्यानं वाढते. फूल उघडून आत बघायला विसरू नका. २०२१ च्या अखेरीस आंध्र, तेलंगण आणि कर्नाटकातल्या मिरचीवर ज्या काळपट फूलकिड्यांनी धुमाकूळ घातला, त्यांचा मुक्काम मुख्यतः फुलात असतो. फुलं गळतात आणि आपण ती खताच्या कमतरतेवर ढकलतो.

हीच होडी पालथी झाली असेल, म्हणजे कडा खाली वळल्या असतील, पान अरुंद, जाड, कडक झालं असेल, देठ लांबला असेल आणि पानाची खालची बाजू तपकिरी चकचकीत दिसत असेल, तर ते कोळ्याचं काम. पिवळा कोळी साध्या डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतंच. ढगाळ, दमट, उबदार हवा त्याला मानवते. फूलकिड्यासाठी दिलेल्या बऱ्याच कीटकनाशकांनी कोळी मरत नाही, कारण कोळी हा कीटकच नव्हे, त्याची जात वेगळी. 'तीन औषधं मारली, फरक नाही' या तक्रारीतल्या पुष्कळ रानांचं उत्तर इथंच सापडतं.

आता विषाणू. पानं लहान होत जातात, वरच्या बाजूला आवळतात, शिरा जाड आणि पिवळट दिसतात, दोन पेरांमधलं अंतर कमी होऊन झाड खुजं, झुडपासारखं होतं. फुलं थोडी, आलेली फळं वाकडी आणि बारीक. अशा झाडाला हलकेच हलवलं की पानाखालून बारीक पांढऱ्या माश्या उडतात आणि लगेच शेजारच्या पानाखाली जाऊन बसतात. माश्या दिसल्या नाहीत म्हणून विषाणू नाही असं मात्र समजू नका. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला दोन-तीन आठवडे जातात. ज्या माशीनं रोग दिला ती तोवर निघून गेलेली असते.

चौथं दुखणं कीटकाचं नाहीच, पण आपल्या उसाच्या पट्ट्यात ते फार होतं. उसातल्या रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी मारतात. त्याचा फवारा वाऱ्यानं किंवा वाफेनं शेजारच्या मिरची, टोमॅटो, तंबाखूवर गेला की पानं पट्टीसारखी अरुंद होतात, पिळवटतात, शेंडा वाकतो. ओळखायची खूण सोपी आहे: उसाच्या बाजूच्या ओळींना जास्त, आत जाल तसं कमी, आणि सगळ्या झाडांना एकाच आठवड्यात. विषाणू असा ओळीनं येत नाही, तो इथं एक झाड, तिथं एक झाड असा सुटा सुटा सुरू होतो. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. धुतलेल्या पंपातही राहिलेला अंश मिरचीला बाधतो.

ओळख पटत नसेल तर आवळलेल्या दहा झाडांना रंगीत दोरा बांधा. भिंगाखाली कोळी किंवा फूलकिडा दिसला असेल तर त्याचं योग्य औषध एकदा मारा आणि दोन आठवडे थांबा. नवा शेंडा सरळ, स्वच्छ फुटला तर दुखणं किडीचं होतं. जुनी वळलेली पानं सरळ होणार नाहीत, त्यांच्याकडे बघू नका. नवा शेंडासुद्धा आवळलेलाच आला तर विषाणू धरा आणि त्या झाडावर पुढचा रुपया खर्च करू नका.

दरवर्षी तेच का?

हा विषाणू मातीत राहत नाही, हातानं लागत नाही, खुरप्यानं पसरत नाही. त्याला जगायला जिवंत झाड लागतं आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जायला पांढरी माशी लागते. माशी रोगट झाडाचा रस पिते, विषाणू तिच्या अंगात जातो, आणि मग ती मरेपर्यंत जिथं बसेल तिथं तो देऊ शकते. तेव्हा विचारायचं ते असं: मिरची निघाल्यापासून नवं तरू लागेपर्यंत, उन्हाळ्याच्या त्या तीन-चार महिन्यांत विषाणू राहतो कुठं?

आपल्याच रानात राहतो. संकेश्वरी जवारीचा, म्हणजे आपल्या गावठी मिरचीचा, शेवटचा तोडा माघ-फाल्गुनात होतो. माल वाळवून गडहिंग्लजच्या किंवा संकेश्वरच्या बाजाराला जातो आणि झाडं तशीच उभी राहतात. गुरं खात नाहीत, सरपणाला होतील म्हणून कुणी उपटत नाही. चैत्रात एखादा वळीव झाला की त्या बुडख्यांना हिरवे फुटवे येतात, आणि ते फुटवे बहुतेक आवळलेलेच असतात. निपाणी-चिकोडी भागात तंबाखू काढल्यावर राहिलेल्या धसकटांचंही तेच. तंबाखूचा पर्णगुच्छसुद्धा पांढरी माशीच पसरवते. त्यात घटप्रभेच्या कालव्यावर आणि बोअरवर आता उन्हाळी टोमॅटो, उन्हाळी हिरवी मिरची होते. बांधावर धोत्रा, कामुनी, ओसाडी ही तणं असतातच. माशीला बाराही महिने ताट वाढलेलं असतं.

आणि नेमकं याच दिवसांत, वैशाख-ज्येष्ठात, आपण परड्यात किंवा विहिरीजवळच्या ओलीवर तरू टाकतो. आजूबाजूचं सगळं रान वाळलेलं असताना ते हिरवं, कोवळं तरू म्हणजे माशीला मिळालेली एकमेव ताजी जागा. तिथं लागण होते. लक्षण दिसायच्या आत आपण ते तरू उपटून रानात लावतो, आणि रोग रानभर आपल्याच हातानं पोचतो.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे, पैसा आणि कष्ट घालायचे असतील तर दोन जागी घाला: जुनी झाडं काढण्यात आणि तरू झाकण्यात. बाकी सगळं त्यानंतर.

जुनी झाडं शेवटचा तोडा झाल्याच्या आठवड्यात मुळासकट उपटा. नुसती कापून चालत नाही, बुडखा फुटतो. उपटलेली झाडं बांधावर ढीग करून ठेवू नका. वाळेपर्यंत माशी त्यावर राहते. रान नांगरून टाका. तंबाखूची धसकटंही तशीच. हे एकट्यानं करून अर्धाच फायदा होतो, कारण माशी वाऱ्याबरोबर शेजारच्या रानातून येते. एका ओढ्याच्या, एका पाणंदीच्या बाजूचे सगळे जण बसून ठरवतील तर खरा फरक पडतो. ऊस तोडीच्या, कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या आपण ठरवून घेतोच, त्यात ही एक गोष्ट बसते. वैशाख महिनाभर तरी शिवारात मिरची, टोमॅटो, तंबाखू यांचं हिरवं पान उभं राहू नये.

तरू झाकायचं म्हणजे कशानं?

इथं फसगत होते म्हणून सविस्तर सांगतो. हिरवी शेडनेट लावली म्हणजे तरू झाकलं असं अनेकांना वाटतं. शेडनेट उन्हासाठी असते. तिच्या छिद्रांतून पांढरी माशी सहज आत जाते. लागते ती ४० ते ५० मेशची (एका इंचात तेवढी छिद्रं असलेली) पांढरी नायलॉन कीडरोधक जाळी. गादीवाफ्यावर वेळूच्या कामट्या किंवा पाइपच्या कमानी करून त्यावर ती ताणायची आणि चारही कडा मातीत गाडायच्या. कडेला बोटभर फट राहिली तर जाळीचा उपयोग नाही. पाणी वरून झारीनं जाळीतूनच द्या. भांगलणीसाठी उघडावीच लागली तर पहाटे उघडा, माशी तेव्हा थंडीनं सुस्त असते, आणि काम झालं की लगेच झाका. बियाणं टाकायच्या आधी वाफ्याभोवतीची पाच-सात मीटरची जागा तणमुक्त करा आणि जुन्या मिरचीच्या, टोमॅटोच्या रानाला लागून वाफा करूच नका. घराच्या परड्यातलं वांगं आणि टोमॅटोचं एखादं झाड आपल्या लक्षात राहत नाही, माशीच्या राहतं.

लावणीच्या आदल्या दिवशी तरूची पानं उलटून बघा. पानाखाली चिकटलेले चपटे, पिवळट, न हलणारे बारीक ठिपके म्हणजे पांढऱ्या माशीची पिल्लं. ती दिसली तर ते तरू तसंच रानात नेऊ नका. एकही आवळलेलं, शिरा पिवळ्या झालेलं रोप गठ्ठ्यात घेऊ नका, दया दाखवू नका.

विकतचं तरू घेणाऱ्यांनी रोपवाटिकेत जाऊन जाळी बघावी. ट्रेमधलं रोप तजेलदार असतं म्हणून ते निरोगी असतं असं नाही. दाराला दुहेरी पडदा आहे का, जाळी फाटकी आहे का, आत पिवळे चिकट सापळे लटकवलेत का आणि त्यांवर काय चिकटलंय, एवढं बघून निर्णय घ्या. सापळा पांढऱ्या माश्यांनी भरला असेल तर रोप स्वस्तात मिळत असलं तरी तिथून परत या.

बियाण्याबद्दल एक. जवारीचं बी आपण घरचंच ठेवतो, ते चांगलंच आहे. फक्त बी वाळवणीच्या ढिगातून मूठभर काढू नका. रानात रोग असतानाही जे झाड शेवटपर्यंत सरळ, भरगच्च राहिलं, त्याला दोरा बांधून त्याचीच फळं वेगळी ठेवा. आपल्या जुन्या माणसांनी ही मिरची अशीच निवडून निवडून टिकवली. संकरित वाणाच्या मागं लागून ती जाऊ नये असं मनापासून वाटतं.

लावणीनंतरचे पहिले पन्नास दिवस

कोवळ्या वयात लागण झालेलं झाड जवळजवळ काहीच देत नाही. फुलोऱ्यानंतर लागण झाली तर बऱ्यापैकी तोडे मिळतात. त्यामुळे जितके दिवस रोग पुढं ढकलाल तितका माल वाचतो.

रानाभोवती मका किंवा जोंधळ्याच्या दोन-तीन दाट ओळी लावा. मृगाच्या पावसावर त्या पेरल्या तर तरू लागेपर्यंत गुडघ्याच्या वर येतात. आडोसा म्हणून तर त्या उपयोगी आहेतच, पण मावा पसरवत असलेल्या मोझॅकसारख्या विषाणूंवर त्यांचा गुण जास्त आहे. मावा तो विषाणू सोंडेच्या टोकावर वाहतो आणि काही सेकंदांत झाडाला देतो. औषधानं तो मरायच्या आत काम करून गेलेला असतो, म्हणून मोझॅकवर नुसती फवारणी हरते. तोच मावा आधी मक्यावर उतरला, दोन-चार वेळा सोंड टोचली की विषाणू तिथंच पुसला जातो, आणि मिरचीवर तो रिकामा येतो. मक्यावर अमेरिकन लष्करी अळी येते हे ध्यानात ठेवा. २०१८ साली ती देशात पहिल्यांदा आपल्याच राज्यात, शिवमोग्ग्याकडे सापडली. अळीचा त्रास असलेल्या भागात मी जोंधळाच सांगेन.

ठिबक असेल तर चंदेरी-काळ्या मल्चिंग कागदाची चंदेरी बाजू वर ठेवून लावा. त्यावरून परतणाऱ्या उजेडानं माशी आणि फूलकिडे उतरायला कचरतात, आणि झाडं वाढून कागद झाकेपर्यंत हा फायदा मिळतो, म्हणजे नेमक्या नाजूक दिवसांत. जिराईत जवारीला मात्र हा खर्च परवडणारा नाही, तिथं आग्रह धरू नका. पिवळे चिकट सापळे पांढऱ्या माशी आणि माव्यासाठी, निळे फूलकिड्यांसाठी; एकरी दहा-बारा पुरे. त्यांनी कीड संपत नाही, कधी आली ते कळतं. झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर लावा आणि झाड वाढेल तसे वर सरकवा.

दर चार-पाच दिवसांनी एक फेरी मारून आवळलेली रोपं उपटा. उपटायच्या आधी त्यावरच्या माश्या मारल्या पाहिजेत, नाहीतर हात लागताच त्या उडून शेजारच्या निरोगी झाडावर बसतात. संध्याकाळी त्या भागात फवारा घ्या, दुसऱ्या दिवशी पहाटे रोप उपटून थेट पिशवीत कोंबा आणि रानाबाहेर पुरा. पन्नास-साठ दिवसांच्या पुढं, फुलोऱ्यानंतर आवळलेलं झाड उपटायची गरज नाही, ते जे देईल ते घ्या.

औषधाचं काय?

औषध लागतं. फक्त ते किडीसाठी, रोगासाठी नाही. सुरुवात पाच टक्के निंबोळी अर्कानं करा: पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाणी करा, थोडा साबण घाला आणि त्याच संध्याकाळी फवारा. कीड थोडी असताना याचा गुण येतो, झाडावर गर्दी झाल्यावर येत नाही. पाऊसपाणी, ढग, दमट हवा असेल तर लेकॅनिसिलियम बुरशीची भुकटी पांढऱ्या माशीवर चांगली चालते. खानापूरच्या बाजूला ती हमखास उपयोगी, अथणी-रायबागच्या कोरड्या हवेत तिच्या भरवशावर राहू नये.

रसायनाकडे वळायचं तर फूलकिड्यांसाठी फिप्रोनिल, स्पिनेटोरम, सायअँट्रानिलिप्रोल ही वेगवेगळ्या गटांतली औषधं आहेत. कोळ्यासाठी स्पायरोमेसिफेन, फेनपायरॉक्सिमेट, डायफेनथियुरॉन किंवा साधं पाण्यात मिसळणारं गंधक. गंधक कडक उन्हात मारू नका, पान करपतं. पांढऱ्या माशीची पिल्लं आणि उडत्या माश्या दोन्ही आवरायला लागतात, म्हणून पायरीप्रॉक्सिफेन असलेली मिश्रणं आली आहेत. प्रमाण लेबलवर छापलेलंच घ्या आणि लेबलवर मिरचीचं नाव आहे की नाही ते बघूनच बाटली उचला.

दुकान बदलून, कंपनी बदलून उपयोग होत नाही तो यामुळे: नाव वेगळं असतं, आतलं औषध एकाच गटाचं. इमिडाक्लोप्रिड, अ‍ॅसिटामिप्रिड, थायामेथोक्झाम ही तिन्ही एकाच घरातली. एकापाठोपाठ एक मारली तर माशीच्या लेखी ते एकच औषध, आणि तिला त्याची सवय होते. बाटलीवरचं व्यापारी नाव सोडा, खालचं बारीक अक्षरातलं रासायनिक नाव वाचा, वहीत तारखेसह लिहा, आणि पुढची फवारणी वेगळ्या गटाची घ्या. सायपरमेथ्रिनच्या जातीतली स्वस्त औषधं 'सगळ्यावर चालतात' म्हणून मारली जातात. ती मित्रकीटक साफ करतात आणि मग कोळी व पांढरी माशी दुपटीनं उसळतात. चार औषधं एका पंपात कालवून मारणं तर पूर्ण थांबवा.

फवारा पानाच्या वरून गेला तर कीड खाली सुखरूप असते. नोझल खालून वर धरा. फुलोऱ्यात संध्याकाळीच फवारा, मधमाशी तोवर परतलेली असते. तोंडाला फडका पुरत नाही, मास्क आणि हातमोजे घाला. बाटलीवरचा विषारीपणा दाखवणारा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर विशेष जपा. हिरवी मिरची तोडत असाल तर फवारणीनंतर तोडा करायच्या आधी थांबायचे जे दिवस लेबलवर असतात ते पाळा, ती मिरची कुणाच्यातरी ताटात कच्चीच जाते.

तरीही निदान पटत नसेल

हुक्केरी, चिकोडी, निपाणी कुठूनही होबळीच्या (तालुक्यातल्या महसुली भागाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे शेती खात्याच्या कचेरीत, नमुना दाखवता येतो. मिरची बागायत खात्याकडे येते, म्हणून तालुक्याच्या त्या कचेरीत गेलात तर माहीतगार माणूस लवकर भेटतो. बैलहोंगल तालुक्यात मत्तिकोप्पला कृषी विज्ञान केंद्र आहे, तंबाखूसाठी निपाणीत धारवाड कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

नमुना नेताना एक वाळकं पान नेऊ नका. एक पूर्ण आवळलेलं झाड, एक नुकतं आवळायला लागलेलं आणि एक निरोगी, अशी तीन झाडं मुळासकट उपटा, मुळांना ओली माती राहू द्या, शेंडा कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि त्याच दिवशी पोचवा. सोबत कागदावर लिहा: तरू कुठलं, लावणीची तारीख, पहिलं आवळलेलं झाड कधी आणि रानाच्या कुठल्या बाजूला दिसलं, शेजारी कुठली पिकं आहेत, उसाला तणनाशक कधी मारलं, आणि आतापर्यंतच्या फवारण्या रासायनिक नावासह.